मिनेगिशी-सान काय म्हणाल्या

आमच्या घरात परक्या देशांचं राजकारण सकाळी सहाला सुरू होतं. ‘टू शोअर्स’ नावाचा बातम्यांचा कार्यक्रम आहे. एक बाई लंडनच्या स्टुडिओत बसते, एक बुवा वॉशिंग्टनच्या, आणि पडद्यावर दोघांची टेबलं अशी जोडून दाखवतात की मधला अख्खा अटलांटिक म्हणजे नुसती टेबलातली फट वाटावी. तिकडे लंडनला रात्र पडत असते, इकडे टोक्योत, निशी-कसाईत, आमच्या सातव्या मजल्यावर बाबाच्या चहाला उकळी येत असते. कुठला तरी मंत्री पडद्यावर येऊन गोलगोल बोलायला लागला की बाबा कप आपटतो. “अरे, विचारलं काय, सांगतोयस काय! सरळ उत्तर दे ना!”

“रणजित,” आई स्वयंपाकघरातून म्हणते, “त्याला ऐकू जात नाहीये. मिनेगिशीकाकूंना जातंय.”

मिनेगिशी-सान म्हणजे शेजारच्या. सत्तरीच्या, एकट्या, केस चंदेरी आणि कायम नीट बसवलेले. आमच्या आणि त्यांच्या बाल्कनीत फक्त एक पातळ पत्र्याची आडभिंत आहे. आईचं त्यांच्यावर फार प्रेम. आम्ही पुण्याहून इथे आलो तेव्हा मी दुसरीत होते. बाबा ऑफिसात, मी जपानी शाळेत, आणि आई घरी लॅपटॉपवर पुण्याच्याच कंपनीचं काम करत. तिचं ऑफिस इंग्रजीत, घर मराठीत. जपानी शिकायची वेळच आली नाही, कारण ते खातं बाबाकडे होतं. बाबाने जपानीची सगळ्यात वरची परीक्षा पास केलीय. इमारतीच्या मीटिंगला तोच जायचा, आणि आल्यावर आई दारातच विचारायची, “काय म्हणाले? आपल्याबद्दल कुणी काही बोललं?”

एकदा बाबा म्हणाला, “मिनेगिशी-सान म्हणत होत्या, तुमच्याकडून वास छान येतो.”

बास. त्या दिवसापासून आईला इमारतीत एक मैत्रीण मिळाली. दोघींत एक वाक्य धड होत नाही, पण लिफ्टमध्ये भेटल्या की आई वाकते, त्या वाकतात, आणि आई घरी येऊन अर्धा तास सांगते की आज काकू कशा हसल्या. सकाळी फोडणी दिली की आई पंखा सगळ्यात मोठ्यावर करते. आमच्या पंख्याचं तोंड बाल्कनीत उघडतं, त्यांच्या बाजूला. “जाऊ दे त्यांच्याकडे वास,” असं म्हणते. “एकट्या बाईला तेवढंच.”

आता माझं सांगते. माझं नाव अबोली. हसून घ्या, सगळे हसतात. कारण मी खरंच अबोली होते, शाळेत वर्षानुवर्षं, खिडकीजवळचा बाक आणि मान खाली. मग या वसंतात सेन्सेईंनी, म्हणजे वर्गशिक्षकांनी, मला भाषणस्पर्धेत ढकललं आणि मी जिंकले! जपानी मुलामुलींमध्ये, जपानीत! त्यानंतर मला कोणी थांबवूच शकत नव्हतं. कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानाच्या काउंटरवरसुद्धा मी भाषण द्यायचे. भानुदासकाका, ज्यांचं स्टेशनजवळ किराणा दुकान आहे, ते म्हणाले, “दिपालीवहिनी, हिचं नाव बदला आता. रेडिओ ठेवा.”

म्हणून जेव्हा ‘टू शोअर्स’च्या साइटवर वाचलं की त्यांची माणसं टोक्योत येतायत, तेव्हा मी कोणालाही न विचारता लिहून टाकलं. उन्हाळ्यातल्या निवडणुकीत परदेशी लोकांचा विषय खूप तापला होता. आमच्या स्टेशनसमोरसुद्धा माईक घेऊन माणसं उभी असायची. कार्यक्रमाला एक परदेशी कुटुंब हवं होतं आणि त्यांचा एक जपानी शेजारी. मी लिहिलं: दोन्ही देते, शिवाय दुभाषी फुकट. दुभाषी म्हणजे मी.

इमोजेन नावाच्या निर्मातीचं उत्तर आलं तेव्हा बाबा खुर्चीवर चढायचाच बाकी होता. “माझ्या कार्यक्रमात माझी मुलगी!” मग मी म्हटलं शेजारी हवाय, आणि आई लगेच म्हणाली, “मिनेगिशीकाकू! दुसरं कोण?”

बाबा परत खुर्चीत बसला. “त्या लाजतात कॅमेऱ्याला,” तो म्हणाला. “दुसरं कोणीतरी बघू.” पण तोवर मी चपला घालून शेजारची बेल वाजवली होती. मी तशीच झाले होते तेव्हा.

रविवारी इमारतीच्या मीटिंगच्या खोलीत चित्रीकरण झालं. बाबाला नेमकं त्याच दिवशी ऑफिसला जावं लागलं, असं तो म्हणाला. आई चिवडा, लाडू, थर्मासभर चहा घेऊन कोपऱ्यात उभी. मिनेगिशी-सान फिकट निळ्या ब्लाउजमध्ये, गुडघे जुळवून बसलेल्या. मी मधे. इमोजेन कॅमेऱ्यामागून इंग्रजीत विचारणार, मी जपानीत सांगणार, उत्तर परत इंग्रजीत. सोप्पं! पहिले दोन प्रश्न तर मी असे टोलवले की कॅमेरावाल्याने अंगठा दाखवला.

मग इमोजेनने विचारलं, “परदेशी शेजाऱ्यांबरोबर राहताना कसं वाटतं? खरं सांगा.”

मिनेगिशी-साननी हात मांडीवर नीट ठेवले. मग एका दमात बोलल्या, हळू, पण न थांबता. त्या म्हणाल्या, “मी वाईट शेजारीण नाही, असं मला वाटायचं. सकाळी मी कपडे वाळत घालते, गादी उन्हात टाकते. शेजारच्या पंख्यातून मसाल्याचं तेल येतं आणि सगळ्याला वास लागतो. मी मीटिंगमध्ये त्यांच्या यजमानांना सांगितलं. तीन वेळा सांगितलं. दर वेळी पंखा आणखी जोरात सुरू झाला. वर मिठाईचा डबा यायचा. मला वाटलं, या मला चिडवतायत. मग या वर्षी स्टेशनसमोर तो मुलगा माईकवर ओरडत होता, जपानी माणसं किती सहन करणार म्हणून. आधी मी अशा भाषणांपाशी कधी थांबले नव्हते. या वेळी थांबले. पूर्ण ऐकलं. मतदानाच्या खोलीत चिठ्ठीवर नाव लिहायची पेन्सिल हातात घेऊन कितीतरी वेळ उभी होते. त्याची मला लाज वाटते.”

तीन वेळा. यजमानांना. म्हणजे बाबाला.

मी मान वळवली. कोपऱ्यात आई होती. तिला जपानी कळत नाही पण इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ती मिनेगिशी-सानकडे बघून मान डोलवत होती, चेहऱ्यावर अगदी गॅदरिंगमध्ये मुलीचा नाच बघणाऱ्या आयांचं हसू. हातात लाडवांची बशी.

“अबोली?” इमोजेन म्हणाली.

आणि मी, भाषणस्पर्धा जिंकलेली मी, इंग्रजीत म्हणाले, “त्या म्हणतायत की शेजारून मसाल्याचा वास येतो, छान येतो, कधीकधी जरा जास्त. मिठाई पण येते. निवडणुकीत भाषणं ऐकून त्यांना वाईट वाटलं. शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलायला हवं, असं त्यांना वाटतं.”

इमोजेनच्या भुवया वर गेल्या. “एवढंच? त्या बराच वेळ बोलल्या.”

“जपानीत सगळ्याला वेळ लागतो,” मी म्हणाले. सगळे हसले. आई सगळ्यात मोठ्याने.

मिनेगिशी-सानना इंग्रजी येत नाही. त्या माझ्याकडे वळल्या आणि हलकेच विचारलं, “आईंना सांगशील ना, नीट?”

मी म्हणाले, “हो.” आणि वाकले.

संध्याकाळी बाबा आणि मी कचरा टाकायला खाली गेलो. कचऱ्याच्या खोलीत बाटल्यांची झाकणं एका पेटीत, बाटल्या दुसरीत. बाबा झाकणं काढत होता, मी बाटल्या चेपत होते.

“बाबा, मिनेगिशी-सान ‘वास छान येतो’ असं नेमकं कधी म्हणाल्या होत्या?”

त्याच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. त्याने ते सावकाश पेटीत टाकलं. मग म्हणाला, “काय म्हणाल्या आज त्या?”

मी सगळं सांगितलं. शब्दाला शब्द. तेव्हा मात्र मला अगदी छान भाषांतर जमलं.

“त्या म्हणाल्या होत्या, मसाल्यांचा वास फार ताकदीचा असतो, नाही का,” बाबा पेटीकडे बघत म्हणाला. “मला अर्थ कळला होता. पण घरी आलो तर तुझी आई दारात उभी. आपण नवीन होतो. दिवसभर तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. काय म्हणाले, काय म्हणाले... मी म्हटलं, वास छान येतो म्हणाल्या. मग तिचा चेहरा बघितला असतास तू. त्यानंतर मागे कसं फिरायचं, सांग ना.”

“सरळ उत्तर द्यायचं,” मी म्हणाले.

हे मी चिडवायला म्हणाले नव्हते, तोंडातून निघून गेलं. पण बाबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला माझा बाबा इतका छोटा कधी दिसला नव्हता. आणि मग त्याने विचारलं, “तू काय सांगितलंस त्यांना, इंग्रजीत?”

“तुझंच.”

आम्ही दोघं त्या बाटल्यांच्या वासात उभे होतो. शेवटी तो म्हणाला, “शनिवारी दाखवणार ना? त्याआधी मी सांगतो आईला. तू काही बोलू नकोस.”

मला सुटल्यासारखं वाटलं. हेच तर वाईट आहे.

त्याने सांगितलं नाही. सोमवारी तो येताना आईच्या आवडीची मोची, तांदळाची मिठाई, घेऊन आला, तिने विचारलं “आज काय विशेष?” तर म्हणाला, काही नाही. मग एके दिवशी म्हणाला, पंख्याची जाळी साफ करायला झालीय, आणि स्टुलावर चढून ती घासत बसला. आई कौतुकाने बघत होती. “बघ गं, टीव्हीवर येणार म्हणून नवरा कामाला लागला.” मी दर सकाळी बाबाकडे बघायचे, तो चहाकडे बघायचा. मंत्र्यांवर ओरडणं बंद झालं होतं. आईला वाटलं, घसा बसलाय.

शुक्रवारी कळलं की आईने मिनेगिशी-साननाही बोलावलंय. स्वतः जाऊन, हातवारे करून, टीव्ही, उद्या, सहा वाजता, चहा.

“अगं, पहाटे कशाला त्यांना त्रास?” बाबा म्हणाला.

“त्या आनंदाने हो म्हणाल्या! तुला काय कळतं?”

शनिवारी सहाला भानुदासकाका कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन हजर. मग बेल वाजली. मिनेगिशी-सान दारात, फुरोशिकीच्या रुमालात बांधलेला खोका घेऊन. बूट काढता काढता त्या माझ्या कानाशी जपानीत म्हणाल्या, “आईंना सांगितलंस, बरं झालं. मला आठवडाभर फार हलकं वाटतंय. आणि बघ ना, रागवायच्या ऐवजी त्यांनी मला बोलावलं.”

मला वाटलं, मजला फाटून मी सहाव्या मजल्यावर पडावं.

आई बटाटेवडे तळत होती. तिने पंखा सगळ्यात मोठ्यावर टाकला आणि मिनेगिशी-सानना बोटाने दाखवून हसली. त्यांनी पंख्याकडे पाहिलं. त्यांचं हसू थोडं हललं, पण त्या बसल्या.

कार्यक्रम सुरू झाला. लंडनची बाई, वॉशिंग्टनचा बुवा, मधली फट. आणि मग आमची इमारत! भानुदासकाकांनी टाळ्या वाजवल्या. मी दिसले, चिमटा लावलेली, हात उडवत बोलणारी, किती खूश. मग मिनेगिशी-सान. त्यांचा आवाज, त्यांचं जपानी. माझं इंग्रजी कापून टाकलं होतं. त्या जागी खाली पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ओळी आल्या.

भानुदासकाकांना सगळं मोठ्याने वाचायची सवय आहे, दुकानाच्या पाट्यासुद्धा. ते वाचायला लागले आणि लगेच मराठी करत गेले. “मी तीन वेळा सांगितलं... त्यांच्या यजमानांना... दर वेळी पंखा आणखी... अरे बापरे. वहिनी, हे तुमच्याबद्दल आहे का?”

मग ते थांबले. पण आई स्वतः वाचू शकते. ती झारा हातात धरून दारात उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. स्टेशनसमोरचा मुलगा. पेन्सिल. लाज वाटते. सगळं वाचलं तिने. लंडनची बाई कपाळाला आठी घालून म्हणाली की एका स्वयंपाकघरातल्या पंख्याची तक्रार वर्षानुवर्षं ऐकली जात नाही, तेव्हा राजकारण दारातून आत येतं. वॉशिंग्टनच्या बुवाने मान हलवली आणि ते दुसऱ्या बातमीकडे गेले. त्यांचं काय जातं!

आई आत गेली आणि पंखा बंद केला.

आमच्या घरात तो आवाज इतका सतत असतो की तो थांबल्यावर कानाला धक्का बसला. तेलात वडे चुरचुरत होते, तेही ऐकू आलं. मग गॅसही बंद झाला.

“दिपाली, अगं, त्या म्हणतायत ते असं की—” बाबा उठला.

“तू नको,” आई म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. “तू बस. अबोली, इकडे ये. त्यांच्यासमोर बस. मी बोलेन ते सांग. एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस.”

मी बसले.

“त्यांना सांग, मला हे आज कळलं. आत्ता. टीव्हीवरून.”

मी जपानीत सांगितलं. मिनेगिशी-साननी माझ्याकडे बघितलं, मग बाबाकडे, परत माझ्याकडे. माझ्यावर त्यांची नजर जरा जास्त वेळ राहिली. मी रविवारी वाकून ‘हो’ म्हणाले होते ते त्यांना आठवत असणार. त्या मला काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मग पंखा?” त्यांनी आईला विचारलं. “तो मोठा का करत होतात?”

मी मराठीत विचारलं. आईचा चेहरा कसातरीच झाला.

“तुम्हाला वास आवडतो म्हणून,” ती म्हणाली. “मला तसं सांगितलं होतं. तुम्ही एकट्या असता. म्हणून तुमच्याकडे पाठवत होते.”

हे वाक्य मला जपानीत म्हणायचं होतं. भाषणस्पर्धा जिंकली होती, पण ते वाक्य म्हणताना माझा आवाज दोनदा फुटला. मिनेगिशी-साननी तोंडावर हात ठेवला. हातामागून एक आवाज आला, खांदे हलले.

“हसल्या का रडल्या?” आईने मला विचारलं.

“माहीत नाही, आई.”

“बरं झालं, माहीत नाही म्हणालीस,” आई म्हणाली. “इतक्या दिवसांत हे एक खरं बोललीस.”

भानुदासकाकांनी बाबाला कोपराने ढोसून कुजबुजत विचारलं, “मग शेवटी मत दिलं कुणाला? विचार ना.”

“ते त्यांचं त्यांच्यापाशी,” आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली. “आपण पंख्याचं बोलू. अबोली, विचार, कपडे कधी काढतात आत?”

नऊपर्यंत वाळतात, मिनेगिशी-सान म्हणाल्या. ऊन असलं तर त्याआधीच. पण आधी कुणी नुसती हाक मारली तरी चालेल, त्या कपडे आत घेतील. फोडणी घालू नका असं त्या कधीच म्हणाल्या नव्हत्या. हाक मारा, एवढंच म्हणत होत्या. तेवढंच तर होतं! मग त्या आईला खूप वाकून म्हणाल्या की तुमच्याबद्दल मी मनात फार वाईट विचार केला. मी तेही सांगितलं, एक शब्द न गाळता. आईने त्यांचे हात धरले. इथे कोणी असं हात धरत नाही, पण त्यांनी सोडवले नाहीत.

बाबा बाल्कनीच्या दारात पाठ करून उभा होता. वडे अर्धकच्चे राहिले. मिनेगिशी-सान गेल्यावर आईने फुरोशिकी घडी करून ठेवली आणि त्या दिवशी आमच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली, पण कामापुरतं.

इमोजेनची मेल आली. कार्यक्रम सगळ्यांना आवडला, मी कॅमेऱ्यात फार छान दिसते. आणि शेवटी लिहिलं होतं, आमच्या लंडनच्या भाषांतरकारांनी काही बारकावे पकडले, पण तू वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्या वयाला हे काम अवघडच असतं. म्हणजे तिला वाटलं मला जपानी कमी येतं. मी उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. जपानी येत नाही असंच तिला वाटू दे. खरं काय ते कळण्यापेक्षा ते बरं.

परवा सकाळी ‘टू शोअर्स’वर एक मंत्री इतका गोलगोल बोलत होता की माझंही डोकं फिरलं. बाबा गप्प चहा पीत होता.

“ओरड की आता,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “सरळ उत्तर दे म्हण त्याला.”

बाबाने कप अगदी हळू खाली ठेवला.

मग आई जिरं-मोहरीचा डबा तसाच ओट्यावर ठेवून बाल्कनीत गेली. माझ्या मागून, माझ्याकडे न बघता. आडभिंतीपाशी उभी राहून तिने फोनवर लिहून घेतलेलं वाक्य मोठ्याने वाचलं. “मिनेगिशी-सान! इमा कारा... वास... गोमेन-नासाइ!” ‘आतापासून वास, माफ करा’ असं ते होतं; वासाचा जपानी शब्द तिला आठवला नाही, म्हणून मराठीच घातला.

मला तो शब्द येत होता. ‘निओइ’. माझ्या जिभेच्या टोकावर होता, नुसतं तोंड उघडायचं होतं. पण आईने मला विचारलं नव्हतं.

पलीकडून हँगर सरकल्याचा आवाज आला. “हाई, हाई!” मिनेगिशी-सान म्हणाल्या. कपडे आत गेले, त्यांचं बाल्कनीचं दार बंद झालं.

आई आत आली, पंखा लहानावर लावला, आणि तेल तापायची वाट बघत उभी राहिली.